हात सोडल्यावर

पणजीत माझ्या मुलीच्या बिल्डिंगची लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली, तेव्हा धक्का म्हणावा असा बसलाच नाही. टाचांना काहीतरी जाणवलं, हातातल्या डब्यातली पेज एकदा इकडून तिकडे गेली, दिवा विझला आणि छोटा पंखा फिरत फिरत मंद होऊन थांबला. मग काहीच नाही. अशा वेळी माणसाला देव आठवावा. मला गिअरबॉक्स आठवला. तीस वर्षं सुर्ल्याला खनिजाच्या टिप्परांच्या पोटाखाली उताणं पडून काढली की असंच व्हायचं. माझ्या डोक्यावर, गच्चीतल्या खोलीत, एक मोटर आता मुकी झाली असणार आणि तिच्या बाजूला तेलात बुडालेला एक स्क्रू मला, पेजेला आणि या सगळ्या लोखंडी पेटीला धरून असणार. मी अंधारात हात वर केला आणि छताच्या पत्र्याला बोटं लावली. पत्रा गार होता आणि जराही थरथरत नव्हता. चौथ्या मजल्यावरून सेजलचा आवाज आला, "बाबा, भियां नकात. लायट गेली. वॉचमनाक फोन केलंय."

"माका कसला भय? ही खंय पडता," मी ओरडून सांगितलं, आणि ते खरंच होतं. मला पडायची भीती नव्हती. सरकारी हॉस्पिटलात वॉर्डातल्या सातव्या खाटेवर माझ्या गॅरेजातला सतीश पडून होता, त्याच्याकडे हा डबा घेऊन जायचं होतं, आणि आज त्याच्याशी बोलायचं असं मी सकाळीच ठरवलं होतं. तसं ते मी रोजच सकाळी ठरवत होतो. अपघाताला बारा दिवस झाले होते, आणि हॉस्पिटल जवळ म्हणून मी मुलीकडे मुक्कामाला होतो. लिफ्ट थांबली तेव्हा पहिल्या क्षणी छातीत जे हलकं वाटलं ते सुटकेचंच होतं, आणि हे कळल्यावर मला स्वतःची अशी लाज वाटली की त्या अंधारात मी खाली बघायला लागलो.

तो स्क्रू म्हणजे वर्म. गॅरेजवाले सगळे त्याला वर्मच म्हणतात. एक जाड आट्यांचा दांडा आणि त्याला टेकून दात्यांचं चाक, बस एवढंच. दांडा फिरवला की चाक फिरतं. पण चाकाने कितीही जोर लावला तरी दांडा फिरत नाही, कारण आटे इतके आडवे असतात की चाकाचा सगळा जोर आट्यांवर घासण्यातच जिरून जातो. त्यात खिट्टी नाही, ब्रेक नाही, कुलूप नाही. जास्त वजन टांगलं तर ते जास्त आवळून धरतं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, डिचोलीला आयटीआय करून आलेलो आणि आपल्याला सगळं येतं असं मानणारा. माझे वडील शांताराम खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. वर्कशॉपने भंगारात काढलेली, वजन उचलायची, हाताने फिरवायची एक विंच त्यांनी टेम्पोत घालून घरी आणली, आमच्या शेडच्या गर्डरला बसवली आणि तिला टिप्परचं इंजिन अडकवलं. पाचशे किलोचं धूड. मला हँडल फिरवायला लावलं. इंजिन कमरेइतकं वर आल्यावर म्हणाले, "सोड हात."

"पडात," मी म्हटलं.

"सोड म्हणतंय मां तुका. पडलां तर इंजिन पडात, तू नाय."

मी हात सोडला. म्हणजे आधी एक बोट, मग दुसरं, असा. घामाने तळवा हँडलला चिकटला होता. शेवटचं बोट निघालं आणि पाचशे किलो लोखंड हवेत तसंच राहिलं. हँडल माझ्या बोटांनी सोडलं त्याच जागी, केसभरही न हलता. मी त्या हँडलकडे किती वेळ बघत राहिलो ते आठवत नाही. बाहेर खनिजाचे ट्रक जात होते, त्यांची लाल धूळ उन्हात शेडभर तरंगत होती, आणि त्या धुळीत ते इंजिन टांगलेलं. कोणी धरलेलं नाही आणि तरी धरलेलं. देवळात कधी अंगावर काटा आला नव्हता तो तिथे आला. वडील विडी ओढत बसले होते. एवढंच म्हणाले, "ह्या गियरात एकशे चाळीस नंबरचा ऑईल घाल. दुसरा कायएक घालू नको." का, ते मी विचारलं नाही. वडीलही सांगणाऱ्यातले नव्हते.

"बाबा, रागात नाय मां?" वरून सेजल. मी रागावलो की गप्प होतो असं तिला वाटतं. मी म्हटलं, "नाय गो, बरो आसंय." तिच्या चपलांचा आवाज जिन्याने खाली गेला, वॉचमनला शोधायला. अंधारात डोळे सरावले होते. दाराच्या फटीतून उजेडाची एक उभी रेघ येत होती आणि तिच्यात भिंतीच्या विटा दिसत होत्या, म्हणजे मी कुठल्याच मजल्यावर नव्हतो. मग मला लिफ्टच्या ब्रेकचं आठवलं आणि पुन्हा तसंच थक्क व्हायला झालं. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो. वीज लागते ती तो सोडवायला. वीज गेली की तो आपणहून धरतो. धरून ठेवायला काही खर्च येत नाही, सगळी ताकद सोडायलाच लागते. हे मला माहीत होतं, पुस्तकातही वाचलं होतं, पण पायाखाली दोन मजल्यांची पोकळी असताना कळणं वेगळं. आमच्या कंप्रेसरचा स्टार्टरही असाच. हिरवं बटण एकदा दाबायचं, बोट काढून घ्यायचं. आतला चुंबक खाली बसतो, आणि बसताना स्वतःलाच वीज पोचवणारा एक कॉन्टॅक्ट जोडून घेतो. मग बोटाची गरजच नाही. तो स्वतःच्या जोरावर स्वतःला धरून बसतो, लाल बटण दाबेपर्यंत. इलेक्ट्रिशियन त्याला होल्डिंग म्हणतात. मी कितीतरी वर्षं ते हिरवं बटण दाबत आलो आणि दर वेळी बोट काढताना मला बरं वाटत आलं.

या दसऱ्याला गॅरेजची पूजा मी जरा जास्तच केली. खाणी पुन्हा चालू झाल्या, टिप्पर रस्त्यावर आले, शेडबाहेर रांग लागायला लागली. सुमंगलाने, माझ्या बायकोने, पाने, जॅक, वेल्डिंगची मशीन, सगळं पुसून मांडलं, झेंडू घातला. सतीशने कंप्रेसरला हळदकुंकू लावलं. सतीश चंदगडकडचा. नऊ वर्षांपूर्वी त्याचा बाप धोंडिबा, तेव्हा तो सुर्ल्यात खनिजाचा ट्रक चालवायचा, पोराला माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "पोराच्या हातात काम घाला, मालक. तोंडात घालू नका, ते लई चालतंय." पोराच्या हातात काम आलं. इतकं आलं की गिऱ्हाइकं मला सोडून त्याला हाक मारायला लागली. तर दसऱ्याच्या त्या सकाळी मला विंचसाठीही काहीतरी करावंसं वाटलं. वडिलांची विंच. स्पेअर पार्टवाल्याने नव्या सिंथेटिक तेलाचा एक डबा भेट दिला होता, पातळ, सोनेरी, वास न येणारं. मी विंचचं जुनं काळं तेल काढलं, गिअर डिझेलने धुतले, इतके की पितळी चाक नव्यासारखं चमकायला लागलं. तेलाचा डबा देवापुढे ठेवला, नारळ फोडला, आणि ते तेल आत ओतलं. हँडल फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. सतीश म्हणाला, "मालक, विंच तरणी झाली की." आम्ही दोघे हसलो. माझ्याच हाताने मी त्या गिअरमधलं घासणं काढून टाकलं होतं, आणि ती विंच आयुष्यभर त्या घासण्यावरच तर धरून राहिली होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते झालं. सतीशने इंजिन उचललं, चॅसीवर आणलं, नेहमीसारखा हँडलचा हात सोडला आणि इंजिनाखालचं रबर सरळ करायला डावा हात आत घातला. मी मागे एका ड्रायव्हरशी बोलत होतो. कंप्रेसर चालू झाला, तो त्याच गर्डरच्या खांबाला टेकलेला आहे, सगळी शेड त्याच्याबरोबर थरथरते. मग सतीशची हाक आली. ओरडला नाही तो. "मालक," एवढंच म्हणाला, चहा झाला का विचारावा तसं. आम्ही हँडल उलटं फिरवून इंजिन उचललं तोवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. गाडीत माझ्या मांडीवर डोकं टेकून, पांढराफटक चेहरा करून तो म्हणाला, "माझंच चुकलं. कोपर लागलं असंल हँडलला." आणि मी म्हटलं, "असूं दी. आता बोलू नको." एवढंच मी म्हटलं. त्याला खरं तर कळायला हवं होतं की हँडलला कोपर काय, बैल जरी धडकला तरी इंजिन बोटभर उतरायला चार-पाच फेरे लागतात. पण विंच चुकेल हे मानण्यापेक्षा आपण चुकलो हे मानणं त्याला सोपं गेलं. इतका विश्वास होता त्याचा त्या विंचवर, आणि विंच माझी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटा शेडमध्ये गेलो. इंजिन उचललं, हात सोडला. ते राहिलं. मला वाटलं देव पावला, सतीशचं कोपरच लागलं होतं. मग कंप्रेसर लावला. काही क्षण काही नाही. आणि मग हँडल हललं. कोणीही जवळ नसताना ते लाकडी मूठ घेऊन हळूच वर गेलं, माथ्यावर जरा रेंगाळलं, आणि पलीकडे उतरलं. दुसरा फेरा जरा लवकर झाला. तिसरा त्याहून. बत्तीस वर्षं मी ज्या गोष्टीला मनातल्या मनात हात जोडत आलो होतो ती माझ्यासमोर उलगडत होती, आणि खरं सांगतो, मला भीती वाटायच्या आधी ते सुंदर वाटलं. घासणं किती बारीक काठावर उभं असतं. तेलाच्या एका पापुद्र्याने आणि खांबाच्या थरथरीने पाचशे किलो आणि एक माणूस यांच्यामधलं सगळं संपतं. पाचव्या फेऱ्याला मी धावत जाऊन हँडल पकडलं. ते मनगटात हिसका देऊन थांबलं. मग मी ते सोनेरी तेल काढलं, वडिलांनी सांगितलेलं एकशे चाळीस नंबरचं जाड तेल ओतलं, पुन्हा इंजिन टांगलं, कंप्रेसर लावला, हात सोडला. अर्धा तास बघत बसलो. हँडल जागचं हललं नाही. सात वाजता बाकीची माणसं आली तेव्हा विंच बरोबर होती आणि माझ्याशिवाय कुणाला काही कळायचं कारण उरलं नव्हतं.

मी सांगणारच होतो. त्याच दिवशी, ऑपरेशन झाल्यावर. पण तोवर सतीशने डॉक्टरला सांगितलं होतं, कोपर लागलं. डॉक्टरने वैशालीला, त्याच्या बायकोला, सांगितलं. वैशालीने गावी धोंडिबाला फोन केला. धोंडिबा फोनवरच कडाडला, "नऊ वर्सं काय शिकला मग? हात कुठं घालावा कळत न्हाई तुला?" आणि त्यानंतर पोराचा फोन उचलेना. सतीश खाटेवर पडून सगळ्यांना तेच सांगायचा, शेजारच्या रुग्णांनासुद्धा, आणि दर वेळी त्यात एखादा नवा तपशील असायचा. कोपर कसं लागलं, कुठल्या बाजूने लागलं. परवा म्हणाला, "मालक, मी आता हे काम करनार न्हाई. माझ्या हाताला अंदाज ऱ्हायला न्हाई. गावाकडं जाऊन शेरडं राखीन." तेव्हाही मी गप्प. माझ्या गप्प राहण्यावर रोज थोडं जास्त वजन येत होतं, आणि रोज ते थोडं जास्त आवळत होतं. मी काही दुष्ट माणूस नाही. निदान तसं मला वाटत आलं आहे. पण ते आतून कसं धरतं हे मी बघत होतो आणि त्याची मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या तळाशी, कसं सांगू, त्या यंत्राबद्दल एक आश्चर्यही होतं.

सेजलला काही कळलं नव्हतं, पण माझा चेहरा तिला बघवेना. म्हणून चौथ्या दिवशी ती मला तिच्या लॅबमध्ये घेऊन गेली. ती लेसरवर काम करते. मला वाटायचं लेसर म्हणजे लाल टिकली पाडणारी बॅटरी. तिने मला काळा चष्मा दिला आणि खाटेएवढं एक टेबल दाखवलं, वर बारीक बारीक आरसे आणि मधोमध एक चकचकीत खडा. म्हणाली, ह्या आरशांच्या मधे उजेड येऊन जाऊन असतो. त्यात लाखो लाटा, प्रत्येकीचा ताल वेगळा, शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारासारखा गोंगाट. पडद्यावर एक रेघ होती, केसाळ, कुठेही उडणारी. सेजलने एका आरशाच्या दांडीला बोटाने टिचकी मारली. रेघ एकदम उभी राहिली. फणीच्या दात्यांसारखे सारख्या अंतरावर सुळके, एकामागून एक, स्तब्ध. मी विचारलं, "आता कोण धरून आसा ताका?"

"कोण नाय, बाबा. ताचो तोच. जो उजेड चुकान जोरात आसता, ताका मधल्या खड्यातसून वाट बरी गावता. वाट गावली की तो आनीक जोरात. मग बाकीचे ताच्या तालार येतत. मियां फकत टिचकी मारलंय."

"आनी तू बोट काढलंस तरी?"

"बोट मगेच काढलंय," ती म्हणाली आणि हसली. मला तिथे उभं राहवेना. त्या काळ्या चष्म्याआड माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला उजेडाचं वाटलं. एवढं नाजूक, एवढं अचूक, आणि कुणाचाही हात नाही. माझ्या पोरीने हे एका टिचकीत उभं केलं याचा अभिमान छातीत मावत नव्हता. आणि त्याच छातीत दुसरं काहीतरी म्हणत होतं की तूही गाडीत एक टिचकीच मारलीस. असूं दी, आता बोलू नको. बाकीचं सगळं त्यानंतर आपोआप तालावर आलं.

वरून पावलं वाजली, मग गच्चीतल्या खोलीचं दार. वॉचमनचा आवाज बोगद्यातून आल्यासारखा आला, "सायबा, हालूं नाकात. हातान सोडटां." मी पेजेचा डबा छातीशी धरला. वर तो ब्रेकचा दांडा दाबून मोठं चाक हाताने फिरवत असणार. लिफ्ट जरा उतरली, थांबली. पुन्हा जरा उतरली. प्रत्येक वेळी त्याचं कुंथणं ऐकू येत होतं. साठीचा माणूस, एका हाताने सोडत होता आणि दुसऱ्याने आवरत होता. उभ्या रेघेत विटा वर सरकत होत्या, मग सिमेंटची पट्टी आली, मग सेजलचा चेहरा, तिचे पाय, कुणाच्यातरी चपला, आणि शेवटी दुसऱ्या मजल्याची फरशी. तिने दार ओढून उघडलं. "घामाघूम जाल्यात," ती म्हणाली. मी म्हटलं, "माका स्कूटरार हॉस्पिटलात सोड. आताच." ती जिन्याने पुढे झाली.

सतीश उशीला टेकून बसला होता. वैशालीने डबा घेतला, झाकण काढलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर पाणी मागितलं असतं, मग तब्येतीचं विचारलं असतं. मी म्हटलं, "सतीश, तुझं कोपर हँडलला लागलं नव्हतं." मग दसऱ्याचं तेल, पहाटेचं इंजिन, कंप्रेसर आणि पुन्हा तेल बदलून मी ते कसं झाकलं, सगळं सांगितलं. वाक्यं तुटत होती, पण सांगितलं. वैशाली चमचा हातात धरून बघत राहिली. सतीश कारागीर आहे, त्याला तिसऱ्या वाक्यालाच कळलं. तो मला थांबवून म्हणाला, "हँडल आपसूक फिरलं?"

"हो."

"तुमी बगितलं?"

"बघितलं."

"कसं फिरलं?"

मी हवेत बोटाने दाखवलं. वर जाणं, माथ्यावर रेंगाळणं, पलीकडे उतरणं. त्याचे डोळे माझ्या बोटाबरोबर फिरले. त्या एका क्षणी त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. बावीस वर्षांचा मी त्या शेडमध्ये जसा बघत होतो तसा तो बघत होता. "कंप्रेसरनं हलवलं," तो हळूच म्हणाला, "आन तेलानं सोडलं." मग त्याची नजर बँडेजवर गेली. "म्हंजे माझा हात लागला न्हवता."

"नाही."

"लागलाच न्हवता."

"नाही, सतीश."

त्याने वैशालीकडे उजवा हात पुढे केला. तिने स्वतःच्या फोनवरून सासऱ्याला लावून तो त्याच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं, मग कोणीतरी उचललं. सतीश म्हणाला, "आबा, फोन ठेवू नका. माझं कोपर लागलं न्हवतं." मग त्याने फोन माझ्याकडे धरला.

मी तो कानाला लावला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी वाक्यं तुटली नाहीत. धोंडिबा ऐकत होता. पलीकडे कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"मालक," माझं संपल्यावर तो म्हणाला, "बारा दिस मी पोराशी बोललो न्हाई."

सतीश माझ्या हातातल्या फोनकडे बघत होता.

"तुमास्नी काय म्हनायचं ते मी मागनं म्हनीन," धोंडिबा म्हणाला. "आता फोन त्याच्याकडं द्या."

मी दिला.